मोत्याच्या गोणपाटावरचं अंडं

डॉक्टरताई, नमस्कार.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात. घरात मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा, आठ-दहा कोंबड्या आणि मोत्या. मोत्या गावठी आहे, पण पणज्यात कुठेतरी लॅब्रॅडॉर असावा असं तोंडावरून वाटतं. वय सात. पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढला, एकीलाही कधी तोंड लावलं नाही. गेल्या चैत्रात त्याची जोडीदारीण राणी गेली. त्यानंतर तो धड जेवेना, दिवसभर पडवीत पडून असायचा. आषाढात नवऱ्याने बाजारातून मुलासाठी बदकाची दोन पिल्लं आणली. एक चौथ्या दिवशी मेलं. उरलेलं रात्रभर ओरडायचं. एका रात्री ते खोक्यातून निघालं आणि मोत्याच्या पोटाशी जाऊन बसलं. तेव्हापासून दोघं एकत्र. मुलाने नाव ठेवलं बंडू. माघात बंडूने अंडं घातलं, म्हणून आता बंडी.

बंडी मोत्याच्या मागे वाडीभर हिंडते. विहिरीजवळच्या हौदात पोहते तेव्हा मोत्या काठावर बसून राहतो. रात्री त्याच्या गोणपाटावर त्याला चिकटून झोपते. अंडंही तिथेच घालते आणि ते मोत्या खातो. सासूबाई म्हणतात, आज अंडं खाल्लं, उद्या बदक खाईल; कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. वेळीच बदक कुणाला तरी देऊन टाका. नवरा म्हणतो, उगाच भीती घालू नका. त्याने काढलेले व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरतात, रविवारी माणसं बघायला येतात. शेजाऱ्यांनी एक नर दिला होता, त्याला पाहून बंडी पळाली ती थेट मोत्याच्या मागे. दोन दिवसांत परत केला. वैशाखात घरचं लग्न आहे, आठ दिवस पुण्याला जायचंय. दोघांना असं सोडून जावं का? ही खरंच मैत्री आहे, की आम्हीच तसं समजून चाललोय?

ता. क. गेल्या आठवड्यात व्हिडिओसाठी मुलाने बंडीला उचललं तेव्हा मोत्या त्याच्यावर गुरगुरला आणि हवेत दात आपटले. लागलं काही नाही. नवऱ्याने चपलेने दोन ठेवून दिल्या, मग गप्प झाला.

*

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकली आहे, म्हणून मी पत्राला उलट्या टोकाने हात घालते. घरात सगळे बंडीच्या जिवाची काळजी करताहेत. मला काळजी वाटली ती तुमच्या मुलाच्या गालाची.

सात वर्षांचं पोर खाली वाकून बदक उचलतं तेव्हा त्याचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. लहान मुलांना कुत्रा चावला की जखम डोक्याला, चेहऱ्याला जास्त होते ती याच कारणाने. मोत्याने मुलाला चावलं नाही हे खरं, पण चुकून नाही. कुत्र्याचा नेम एवढ्या जवळून चुकत नाही. चावायचं असतं तर चावला असता. त्याने आधी अंग ताठ केलं असणार, मान फिरवली असणार, डोळ्यांतला पांढरा भाग दिसला असणार, मग तो गुरगुरला आणि शेवटी हवेत दात आपटले. एवढ्या पायऱ्या चढून तो थांबला. आणि नेमक्या त्या सभ्यपणाला चपला मिळाल्या.

‘मग गप्प झाला’ असं तुम्ही लिहिलंय. हे गप्प होणंच वाईट. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते. सूचना दिली की मार बसतो हे एकदा कळलं की तो सूचना देणं सोडतो, राग सोडत नाही. पुढच्या वेळी मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटची येते. ‘आमचा कुत्रा काहीच न करता एकदम चावला हो’ म्हणत दवाखान्यात येणाऱ्या माणसांना मी सवयीने विचारायचे, आधी कधी गुरगुरला होता का? आणि मग काय केलंत?

मोत्या बंडीला वाचवत होता, असं म्हणायला आपल्याला आवडेल. असेलही. पण कुत्रा हाडकाची, भाकरीच्या तुकड्याची, झोपायच्या जागेचीही अशीच राखण करतो. बंडी त्याला बहिणीसारखी वाटते की हाडकासारखी, हे नुसत्या गुरगुरण्यावरून सांगता येत नाही. तुमच्यासाठी उपाय दोन्हीला एकच. बंडीला मोत्यासमोर कुणीही उचलायचं नाही. मुलाने तर नाहीच, आणि रविवारच्या पाहुण्यांनी त्याहून नाही. तिला घ्यायचंच असेल तर आधी मोठ्या माणसाने मोत्याला हाक मारून दुसरीकडे न्यायचं, खायला द्यायचं. मुलाने चार-पाच हातांवरून मोत्याकडे भाकरीचा तुकडा टाकावा आणि तिथूनच परत फिरावं. मोठं माणूस जवळ असताना, दिवसातून दोन-तीन वेळा, तीन आठवडे. पोरगं जवळ आलं की काहीतरी चांगलं मिळतं आणि आपलं काही जात नाही, एवढं मोत्याला पटायला हवं. गोणपाटावर तो पडला असेल तर ती जागा त्याची, मुलाने तिथे जायचं नाही. आणि व्हिडिओ बंद. यजमानांना राग येईल, येऊ दे.

याच आठवड्यात मोत्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन एकदा तपासून घ्या. सात वर्षं हे कुत्र्याचं उतरतीला लागायचं वय. कान दुखत असेल, खुबा धरला असेल, दाढ किडली असेल तर भला कुत्राही चिडका होतो. रेबीजची लस दरवर्षी दिलीय ना, कार्ड काढून तारीख बघा. आणि उद्या कातडीवर नुसता ओरखडा आला तरी साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, तेल घेऊन कुणी धावत आलं तर त्याला आधी हाकलायचं.

आता तुमचा प्रश्न.

बंडीच्या बाजूने बघू. बदकाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर जे हलतं-बोलतं पहिल्यांदा दिसेल त्याच्या मागे लागतं, हे तुम्ही ऐकलं असेल. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे हंसाची पिल्लं रांगेने चालायची; प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामासाठी त्याला १९७३ साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. पण हा ठसा उमटण्याचा काळ फार लहान असतो. रानबदकांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत तो जन्मानंतरच्या १३ ते १६ तासांत सगळ्यात पक्का उमटलेला दिसला. तुमच्या बाजारात येणारी पिल्लं यंत्रात उबवलेली असतात आणि टोपलीत पोचेपर्यंत दोन-तीन दिवसांची झालेली असतात. म्हणजे बंडीवर जो ठसा उमटायचा तो टोपलीतल्या भावंडांचा उमटून गेला होता. मोत्याला तिने आई मानलं, ही गोष्ट गोड असली तरी मला पटत नाही.

मला वाटतं तिचं दुःख साधं होतं. टोपलीतली शंभर भावंडं सुटली, उरलं होतं तेही चौथ्या दिवशी मेलं, बाहेर आषाढाचा पाऊस. पहिल्या आठवड्यात बदकाच्या पिल्लाला ३० ते ३२ अंशांची ऊब लागते. कोंबडीवाले त्यासाठी बल्ब लावतात. तुमच्या खोक्यात बल्ब नव्हता, असं मी धरून चालते. कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८-३९ अंश असतं. रात्रीच्या अंधारात तिने घरातली सगळ्यात उबदार वस्तू शोधून काढली. मोत्या आधी बल्ब होता, मग सोबती झाला.

मोत्याचंही बघा. कुत्र्याच्या पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतच्या काळात जे-जे प्राणी त्याच्या आसपास वावरतात ते त्याच्या हिशेबात घरचे होतात. मेंढ्यांच्या राखणीचे कुत्रे म्हणूनच त्या वयात मेंढ्यांत ठेवतात. ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूलजवळच्या मिडल आयलंडवर छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी जवळजवळ संपवले होते. २००६ साली तिथे मारेम्मा जातीचे राखणदार कुत्रे नेले आणि पेंग्विनची संख्या पुन्हा वाढली. मोत्याच्या त्या आठवड्यांत तुमच्या अंगणात कोंबड्या होत्या. पिसं असलेलं, लहान, दोन पायांवर चालणारं ते घरचं, ही नोंद त्याच्या डोक्यात आधीच होती. त्यात राणी गेलेली. सात वर्षं कुणाच्या तरी अंगाला लागून झोपलेल्या जिवाला रिकामं गोणपाट काय वाटत असेल ते मी सांगायला नको.

तर मग मैत्री म्हणायची का? मी म्हणते. रात्रीच्या उबेचा हिशेब लावता येतो, पण हौदाचा लागत नाही. भर दुपारी तापलेल्या काठावर बसून राहण्यात मोत्याला ना ऊब मिळते ना भाकरी. तरी तो बसतो. त्याला आणखी काय नाव द्यायचं?

आणि तुमचं घर काही जगावेगळं नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या स्ट्राउट या छोट्या गावात मॅक्स नावाच्या हस्कीची जोडीदारीण मेली आणि तो क्वॅकर्स नावाच्या बदकाबरोबर राहू लागला. दोघं रस्त्याच्या कडेने बरोबर फिरायची. इंग्लंडमधल्या माउंटफिचेट किल्ल्यावर २०१८ मध्ये आई नसलेली नऊ पिल्लं फ्रेड नावाच्या दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या पाठीवर चढून बसली आणि त्या फोटोंनी जग फिरून घेतलं. मला तो फोटो बघून हसू आलं ते वेगळ्या कारणाने. लॅब्रॅडॉर आणि त्याचे भाऊबंद जोपासलेच मुळी गोळी लागून पाण्यात पडलेली बदकं तोंडात धरून मालकापर्यंत आणायला. मोत्याच्या पणजोबांचा धंदाच तो.

इथून पुढचं जरा सावकाश वाचा.

कुत्र्याच्या अंगात शिकार एका साखळीने येते. नजर लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं. माणसाने वेगवेगळ्या जातींत या साखळीच्या काही कड्या दाट केल्या, काही पुसट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात नजर आणि पाठलाग राहिला, लॅब्रॅडॉरमध्ये पकडणं राहिलं पण हलक्या तोंडाने. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्यात पाठलाग असा भिनलाय की समोरून ससा पळाला तर त्याला मालकाची हाकही ऐकू येत नाही. गावठी कुत्र्यात सगळ्याच कड्या थोड्या-थोड्या असतात. साखळी ओढली जाते ती भुकेने कमी आणि हालचालीने जास्त. अचानक पंख फडफडले, किंचाळी आली, काहीतरी जीव घेऊन पळालं की डोक्याच्या आधी पाय निघतात.

माझ्याकडे लाल्या होता. पाच वर्षं कोंबड्यांत वावरला, तलंगा त्याच्या पाठीवर बसायच्या. मी चारचौघांत मिरवायचे की बघा, संस्कार. एका दिवाळीत संध्याकाळी शेजारच्या पोरांनी कुंपणाजवळ सुतळी बॉम्ब लावला. कोंबडा घाबरून उंच उडाला आणि खाली आला तो लाल्याच्या तोंडासमोर, पंख आपटत. किती वेळ लागला असेल? मी हातातली पणती ओट्यावर ठेवून वळेपर्यंत. मग लाल्याने तो कोंबडा उचलून माझ्यापाशी आणला, पायाशी ठेवला आणि शेपूट हलवत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर खुनशीपणा शोधायचा मी फार प्रयत्न केला, कारण तो सापडला असता तर दोष माझ्यावरून उतरला असता. पशुवैद्य असून फटाक्यांच्या रात्री कोंबड्या मोकळ्या मी ठेवल्या होत्या.

कोंबड्याच्या अंगावर दोनच बारीक भोकं होती. पक्ष्यांच्या शरीरात फुफ्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, छातीपासून पोटापर्यंत पसरलेल्या. कुत्र्याचा दात नुसता रुतला तरी पुरतो. आणि पुष्कळदा पक्षी दातापेक्षा धसक्यानेच जातो. म्हणून ‘तो नुसता खेळत होता’ याला बंडीच्या बाजूने काही अर्थ नाही.

सासूबाईंना सांगा, अंड्याचा मुद्दा चुकला, पण मूळ शंका रास्त आहे. अंडं खाणारा कुत्रा त्यातून बदकापर्यंत जात नाही. मोत्याला ते अंडं बंडीचं आहे हेसुद्धा ठाऊक नाही. त्याच्या अंथरुणावर रोज पहाटे कुणीतरी नाश्ता ठेवून जातं, तो खातो. तुम्ही-आम्ही काय करतो? फक्त बदकाच्या कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतू येऊ शकतात, तेव्हा द्यायचंच तर उकडून द्या. आणि शेपटाची म्हण मोत्याला लागू नाही. त्याचं शेपूट सात वर्षं सरळ आहे. मी सांगतेय ते एखाद्या वाईट मिनिटाबद्दल, आणि त्या मिनिटापुरता बंदोबस्त करता येतो.

बंदोबस्त म्हणजे खुराडं. दिवे लागले की बंडी खुराड्यात, सकाळी नऊनंतर बाहेर. बदकं बहुतेक पहाटे ते नऊच्या आत अंडं घालतात, त्यामुळे अंडं तुमच्या हाती येईल आणि सासूबाईंची निम्मी तक्रार मिटेल. शिवाय मोत्याला विसरा, तुमच्या वाडीत मुंगूस आहे, रानमांजर आहे, पावसाळ्यात अजगर निघतो. मोत्याला गाढ झोप लागते का नाही? आजवर निभावलं ते नशीब. चार बाय चार फुटांचं खुराडं तीन बदकांना पुरतं. बदक दांडीवर बसत नाही, जमिनीवरच झोपतं, म्हणून खाली कोरडा पेंढा हवा आणि तो ओला झाला की बदलायला हवा. जाळी अर्ध्या इंचाची, तारेची, खालून एक फूट जमिनीत पुरलेली. कोंबड्यांच्या सैल षटकोनी जाळीतून मुंगूस काय करतो ते कोकणातल्या बाईला मी सांगू नये. रात्री आत खाद्य ठेवू नका. ठेवलंत तर पाणी ठेवावंच लागेल, कारण पाण्याशिवाय बदकाच्या घशाखाली कोरडं खाद्य उतरत नाही, आणि पाणी ठेवलं की सकाळी पेंढ्याचा चिखल.

खुराडं मोत्याच्या पडवीला लागून बांधा, म्हणजे जाळीच्या अलीकडे गोणपाट, पलीकडे बंडी. पहिल्या दोन-तीन रात्री ती ओरडेल. उठून दार उघडू नका. जाळीला टेकून दोघं झोपायला लागतील, बहुतेक आठवड्याच्या आत.

दुसरं बदक आणा म्हणून शेजारी सांगत होते ते बरोबर सांगत होते, फक्त त्यांनी नर दिला. एकटी मादी आणि एकटा नर ही जोडी माणसांच्या लग्नासाठी ठीक. बदकांचा नर मादीची मान चोचीत धरून वर चढतो, पुन्हा-पुन्हा, आणि त्याची सगळी भूक एकाच मादीवर आली की तिच्या मानेवरची पिसं जातात, जखमा होतात. एका नराला चार-पाच माद्या असाव्या लागतात. बंडी पळाली यात तिचं काहीच चुकलं नाही. तुम्ही दोन मोठ्या माद्या आणा. ओळखायची कशी? मादी मोठ्याने, खणखणीत ओरडते. नराचा आवाज घसा बसल्यासारखा घोगरा असतो आणि शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसं असतात. (ही खूण पाहिली असती तर बंडूचं बारसं दोनदा करावं लागलं नसतं.) तळ्यावरून कुणी हळदी-कुंकू बदक किंवा अडईचं पिल्लू आणून देऊ लागलं तर घेऊ नका. जंगली पक्षी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

नव्या माद्या पंधरा दिवस लांब ठेवा, रोग नाही याची खात्री करायला. मग जाळीआडून ओळख. आणि हे विसरू नका की मोत्याची मैत्री बंडीशी आहे, बदकांशी नाही. नव्या दोघी त्याला परक्या. पहिले काही दिवस तो साखळीला बांधलेला असतानाच त्यांना अंगणात सोडा. तो एकटक बघतोय, मान खाली, अंग ताठ, हाकेला कान हलत नाही, असं दिसलं तर त्याला घेऊन मागे फिरा. बघून न बघितल्यासारखं करून जमीन हुंगायला लागला तर भाकरी द्या.

तुम्ही मनात म्हणाल, बंडीला बदकं मिळाली, मग मोत्या पुन्हा एकटा. होईल थोडा. ती दिवसातला काही वेळ त्यांच्याबरोबर काढेल आणि तसा तो काढायलाच हवा. बदक कळपातला जीव आहे, आणि चोचीने पिसं साफ करत गप्पा मारणं कुत्र्याला जमत नाही. मोत्यासाठी घरात एक माणूस मोकळं आहे. व्हिडिओत जाणारा वेळ यजमानांनी त्याला समुद्रावर फिरवण्यात घालवावा, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. चपलांची भरपाईही होईल.

लग्नाला आठ दिवस जाताना दोघांना मोकळं सोडून जाऊ नका. खुराड्यापुढे जाळीचं अंगण करून बदकं दिवसरात्र त्यातच, मोत्या बाहेर. बाहेरून त्याला ती दिसतील, तेवढं पुरे. जे कुणी खायला घालणार असेल त्याला आठवडाभर आधीपासून रोज बोलवा, म्हणजे मोत्याला तो माणूस नवा राहणार नाही. वैशाखाचं ऊन आहे, सावली आणि डोकं बुडेल एवढं खोल पाण्याचं घमेलं हवं. बदकाला डोळे आणि नाकपुड्या पाण्यात बुडवून धुवाव्या लागतात. खाद्यात जुनी शेंगदाण्याची पेंड किंवा बुरशी आलेला मका जाऊ देऊ नका. त्या बुरशीच्या विषाला बदकाइतकं हळवं जनावर क्वचितच असेल. तुमचं पहिलं पिल्लू कशाने गेलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण गारठा आणि बुरशी या दोन गोष्टी बदकांच्या घरात डोळ्यांत तेल घालून बघाव्यात.

आणखी एक, जे कुत्रा-बदकाच्या घरातच उपटतं. बंडी मोत्याच्या केसांत चोच घालून गोचिडं टिपत असेल. मोत्याला गोचिडांचं औषध लावलंत की दोन दिवस तिला त्याच्या अंगाला लागू देऊ नका, आणि औषधाने धुतलेला मोत्या हौदात उतरता कामा नये. बंडीची शिट मोत्याच्या पाण्याच्या भांड्यात पडत असेल तर भांडं उंचावर ठेवा. मुलगा तिचे मुके घेत असणारच. ते बंद, आणि हात साबणाने.

आणि कधी गावात कावळे किंवा कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर त्याच दिवशी बदकं आत आणि मोत्या साखळीला. २००६ साली भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापूरला. त्याआधी २००४ मध्ये थायलंडमध्ये एक कुत्रा मेलेली बदकं खाऊन त्याच रोगाने मेला होता. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. घाबरवायला सांगत नाहीये, शंभरात नव्याण्णव वेळा कोंबड्या दुसऱ्याच कशाने मरतात.

आता एक काम सांगते, त्यासाठी मात्र मोबाइल काढायला परवानगी आहे, लांबून. बदकं कळपात ओळीने झोपतात तेव्हा मधली दोन्ही डोळे मिटतात. टोकाची बदकं एक डोळा उघडा ठेवतात, कळपाच्या बाहेरच्या बाजूचा. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा पहाऱ्यावर. अमेरिकेतल्या संशोधकांनी रानबदकांना ओळीत झोपवून हे १९९९ मध्ये दाखवून दिलं. दुपारी बंडी मोत्याला टेकून झोपली की तिचे डोळे बघा. मोत्याच्या बाजूचा मिटलेला आणि अंगणाच्या बाजूचा उघडा असेल, तर तिच्या लेखी मोत्या कळपातला. मोत्याच्या बाजूचाच उघडा असेल, तर तिला आपल्यापेक्षा जास्त कळतंय. यावर कुणी प्रयोग केलेला नाही, हे माझं आपलं गावठी शास्त्र. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पडवीत रोज दुपारी झोपलेलं असतं, तर बघायला काय हरकत आहे?

मुलाला बघायला बसवा. त्याला बदक उचलू नको म्हणून सांगताय, तर बदल्यात काहीतरी काम द्यायला हवं. पाच-सहा दुपारी वहीत लिहून ठेवायला सांगा, कोणता डोळा, किती वेळ. आणि लग्नाला निघायच्या आधी मला कळवा.

तुमची
डॉक्टरताई